वसूल द्यायचा कोणाला?

१८४४ ची दिवाळी सरली तेव्हा सावंतवाडी संस्थानात भाताची कापणी आटोपली होती, उडव्या खळ्यात उभ्या होत्या, आणि गावागावांपुढे जिवावरचा एक प्रश्न होता: यंदाचा वसूल द्यायचा कोणाला? वाडीत इंग्रजांचा पोलिटिकल सुपरिंटेंडेंट होता. संस्थानचा कारभार सहा वर्षांपासून त्याच्या हातात. रानात होते फोंड सावंत तांबुळकर, त्यांचे मुलगे आणि त्यांची माणसे. एवढेच असते तर गावाने त्यांना बंडवाले म्हणून सोडून दिले असते, पोटापुरते देऊन वाटेला लावले असते. पण तांबुळकरांच्या छावणीत खुद्द गादीचा वारस, अण्णासाहेब, जाऊन मिळाला होता आणि पैसा मागितला जात होता तो त्याच्या नावाने. रयतेला पेच पडला तो यामुळे. रानात दिलेला वसूल उद्या कचेरी मोजणार नाही, हे उघड होते. कचेरीत भरलेला वसूल मात्र परवा अण्णासाहेब गादीवर बसले तर ते तरी विसरतील का?

या बंडाविषयी जे लिहिले गेले, त्यात गडांची नावे आणि पलटणींच्या हालचाली भरपूर आहेत. मला ते सगळे वाचून झाल्यावर वेगळेच जाणवते. सावंतवाडीतली लढाई जेमतेम एका हिवाळ्यात संपली. तिच्यामागून आलेली अर्धवट शांतता तेरा वर्षे पुरली. माणसांचे आयुष्य गेले ते या दुसऱ्या भागात. बंडाचे पुढारी सरहद्दीपलीकडे, वारस त्यांच्यात, आणि इकडे गाव रोज शेतावर जाते आहे. पण त्या काळाला कुणी नाव दिलेले नाही, त्यामुळे तो इतिहासात पानभरही येत नाही.

मूळ दुखणे जुने होते. वाडीच्या सावंत-भोसल्यांनी १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांना दिले, १८१९ मध्ये तह करून त्यांचे संरक्षण पत्करले. चौथे खेम सावंत, लोकांचे बापूसाहेब, यांच्या नावावर राज्य होते. पण सरदार-देसाई आणि दरबार यांचे पटत नव्हते. १८३० मध्ये उठाव, १८३२ मध्ये पुन्हा उठाव, दोन्ही वेळा इंग्रजांनी फौज आणून तो मिटवला. अखेर १८३८ मध्ये त्यांनी कारभारच काढून घेतला. बापूसाहेब वाड्यात राहिले, शिक्का कचेरीत गेला. दुसऱ्याच वर्षी, १८३९ मध्ये, परत बंड झाले. ते मोडल्यावर इंग्रजांनी संस्थानातलीच माणसे भरती करून ‘लोकल कोअर’ नावाची पलटण उभी केली. तिचा खर्च संस्थानाच्या माथी. म्हणजे रयतेने भरलेल्या भातातूनच तिच्यावर पहारा ठेवण्याची सोय झाली. त्या पलटणीत गावातलाच कुणी तरुण शिपाई म्हणून गेला असेल आणि त्याचा चुलता तांबुळकरांकडे, असेही घडले असणार. सावंतवाडीसारख्या लहान मुलखात नातीगोती टाळून दोन बाजू पाडता येत नाहीत.

१८४४ ची ठिणगी मात्र घाटावर पडली. कोल्हापूरचे महाराज अज्ञान होते आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले होते. पंडितांनी गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या अंमलदारांकडून काढून मामलेदारांच्या हाताखाली आणल्या. कागदावर ही फक्त व्यवस्थेची दुरुस्ती. गडकऱ्याला तिचा अर्थ वेगळा दिसला: आजवर जमीन होती म्हणून गड राखायचा आणि गड राखायचा म्हणून जमीन होती, आता मामलेदाराच्या दारात उभे राहायचे. सामानगड आणि भुदरगड यांच्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला. पुढे चौकशीसाठी आलेल्या कर्नल ओव्हन्सलाच बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले, आणि १ डिसेंबरला पन्हाळाही इंग्रजांनी घेतला. घाटावरचे बंड तिथे मोडले. पण मोडलेल्या बंडातली माणसे कुठेतरी जातातच, आणि ती सह्याद्रीच्या कडेला आली.

इथे नकाशा समोर धरावा. गडहिंग्लजजवळच्या सामानगडापासून आजऱ्यावरून पश्चिमेला सरकत गेले, की देश संपतो आणि आंबोलीचे पठार लागते. हिरण्यकेशी इथे उगम पावून देशाकडे वाहते. पठाराच्या दुसऱ्या बाजूला कडा तुटतो आणि खाली तळकोकण. कड्यावर महादेवगड आणि नारायणगड असे दोन छोटे दुर्ग, उत्तरेला शिवापूरच्या डोक्यावर मनोहरगड आणि त्याला खेटून मनसंतोषगड, त्यापलीकडे रांगणा. खाली उतरायला पारपोलीचा घाट, उत्तरेला हणमंत घाट, दक्षिणेला रामघाट. आंबोली, चौकुळ आणि गेळे ही गावे म्हणजे घाट आणि कोकण यांच्यातला उंबरठा, आणि उंबरठ्यावर राहणाऱ्याला दोन्ही खोल्यांतले भांडण ऐकू येते. पळणारा बंडवाला इथून जाणार, त्याच्या मागे येणारी तुकडीही इथूनच.

रामघाटाचे महत्त्व इंग्रजांना फार होते. वेंगुर्ले बंदरात उतरलेला लष्करी माल बेळगावच्या छावणीला त्याच वाटेने चढत असे. ती वाट बंद पडणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि म्हणून सावंतवाडीतले बंड त्यांच्या लेखी दोन-चार सावंतांची कटकट राहिले नाही. पण त्या वाटांवर केवळ दारूगोळा चालत नव्हता. कोकणातले मीठ, खोबरे, सुपारी, कोकम वर जाई. देशावरची मिरची, गूळ, तंबाखू खाली येई. हे सगळे बैलांच्या पाठीवर. पावसाळ्यात या कड्यावर वाट बंदच, तेव्हा वर्षाचा व्यापार दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या चार-पाच महिन्यांत उरकायचा. बंड नेमके त्याच महिन्यांत आले. सुका रस्ता बंडवाल्याला हवा, पलटणीला हवा आणि बैलवाल्यालाही हवा. यातला तिसरा मागे सरला असणार, हे सांगायला दप्तर उघडावे लागत नाही.

गावाकडून बंडवाल्याला काय हवे असते? तांदूळ, नाचणी, एखादा बकरा, रात्रीचा निवारा, वाट दाखवायला माणूस आणि दुसऱ्या दिवशी गप्प बसणे. पलटणीला काय हवे असते? तांदूळ, बकरे, बैल, ओझी वाहायला बिगारी, वाट दाखवायला माणूस आणि दुसऱ्या दिवशी तोंड उघडणे. फरक शेवटच्या बाबीत. वेठबिगार तर नेहमीचीच होती, पण सामान्य दिवसांत वेठीला गेलेला माणूस संध्याकाळी परत येई. फौजेबरोबर गेलेला कधी येईल ते फौजच जाणे, आणि परतल्यावर रानातली माणसे त्याला विचारणार, तू कोणाचे ओझे वाहिलेस?

अशा वेळी एकट्या घराने काही ठरवायची रीत या मुलखात नाही. गावऱ्हाटीत मानकरी बसतात, रवळनाथाला किंवा सातेरीला गाऱ्हाणे घातले जाते, कौल घेतला जातो. मला यात भाबडेपणा दिसत नाही. एका माणसाने बंडवाल्याला भात दिले तर तो फितूर ठरतो. देवाच्या कौलाने सगळ्या गावाने दिले तर शिक्षा करायला कुणा एकाचे नाव सापडत नाही. गावाने एकत्र सही केलेल्या कबुलायतीवर जमीन कसायची पद्धतही या पठारावर संस्थानी काळापासून चालत आली. आंबोली, चौकुळ, गेळे या तीन गावांचा ‘कबुलायतदार गावकर’ जमिनींचा तंटा तिच्यातूनच निघाला आहे आणि पुढे कित्येक निवडणुकांच्या सभांत तो ऐकू येत राहिला. गाव हाच देणेकरी असला तर धनी कोण, हे सगळ्या गावाला मिळून ओळखावे लागते, आणि चूक झाली तर भुर्दंडही सगळ्या गावाला.

तांबुळकर आणि त्यांच्यासारखे सावंत-देसाई हे कुळांना परके नव्हते. त्यांच्या जमिनी कुळे कसत, शिमग्याला आणि जत्रेला त्यांचा मान आधी, भांडणतंटा त्यांच्या ओसरीवर मिटे. अशा माणसाने हाक दिली तर त्याच्या कुळांपैकी काही जण कोयता कमरेला लावून निघाले, यात देशभक्ती शोधायला जाऊ नये आणि गुलामीही. सरदार लढत होता आपल्या गेलेल्या अधिकारासाठी. कूळ लढत होते, कारण सरदार लढत होता, आणि उद्या पुन्हा त्याच्याच जमिनीवर नांगर धरायचा होता. नंतरच्या काळात या बंडाला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली पायरी म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. इंग्रजांविरुद्धचा राग खराच होता. पण तांबुळकर जिंकले असते तर कुळाचा आकार कमी झाला असता, असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

डिसेंबर १८४४ मध्ये लेफ्टनंट कर्नल जेम्स आउट्रम सुमारे १२०० माणसांची फौज घेऊन संस्थानात शिरला. पुढे १८५७ मध्ये लखनौमुळे गाजलेला तोच हा आउट्रम. तो घाईचा माणूस होता. गडाला वेढा घालून बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. बंडवाल्यांचा शेवटचा भरवसा मनोहर आणि मनसंतोष या जोडगडांवर होता. मनोहरगड हा शिवाजी महाराजांच्या चरित्रात येतो: आग्र्याहून सुटून आल्यानंतरच्या वर्षी, १६६७ च्या उन्हाळ्यात, महाराज इथे महिनाभर राहिले होते. सभोवती कातळकडा, वर जायला एकच अरुंद वाट. असा गड तोफांपुढे फार दिवस टिकला नाही. जानेवारी १८४५ च्या अखेरीस जनरल डेलामोटीच्या फौजेने तो घेतला, पण आत सापडायला पुढारी नव्हते. ते निसटून गोव्याच्या वाटेला लागले होते. इंग्रजांनी राग गडावर काढला. तोफा डागून पायऱ्या उडवल्या. आजही मनोहरगडावर चढताना तुटलेल्या पायऱ्यांचा तो टप्पा जपून पार करावा लागतो.

लढाई इथे संपली. पुढारी गोव्यात गेले, पण त्यांना परदेशात गेल्यासारखे वाटले नसावे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे मुलूख काही दशकांपूर्वी सावंतांच्याच अमलात होते. पेडणे तर १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर तीच बोली, तेच देव, सोयरीक दोन्हीकडे. तांबुळकरांचे तांबुळी गाव स्वतः सरहद्दीपासून जवळ. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल पेस्ताना यांनी या मंडळींना आसरा दिला आणि इंग्रजांनी मागूनही त्यांना स्वाधीन केले नाही. इंग्रजांपुढे आपली मान ताठ ठेवायची एवढीच संधी त्या दुबळ्या राज्याला मिळत असे, ती त्यांनी घेतली.

मग सुरू झाली ती विचित्र वर्षे. वारस सरहद्दीपलीकडे आणि त्याचे वडील बापूसाहेब वाडीच्या वाड्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली. अण्णासाहेबांचा गादीवरचा हक्क इंग्रजांनी रद्द केला. पण हक्क रद्द झाल्याचे कचेरीने मानले म्हणून गावाने मानायचेच, असे थोडेच असते? बापूसाहेब म्हातारे होत चालले होते. त्यांच्यामागे कोण, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. आणि जोवर ते उत्तर नाही तोवर ‘ह्या बंडात तू कुठे होतास?’ हा प्रश्नही मिटत नव्हता.

१८४५ मध्ये सावंतवाडीचा पोलिटिकल सुपरिंटेंडेंट म्हणून ल ग्रांड जेकब आला. सामानगडाच्या मोहिमेत तो स्वतः होता. त्याला मिळाले ते रिकामा खजिना, भरलेले तुरुंग आणि सरहद्दीवर टांगती तलवार. जेकबबद्दल माझे मत मिश्र आहे. १८५७ मध्ये कोल्हापुरात त्याने जे केले, शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यापर्यंत, ते वाचून त्याच्याविषयी आपुलकी वाटणे कठीण. पण सावंतवाडीतली त्याची पाच-सहा वर्षे वेगळी दिसतात. तुरुंग रिकामे होत गेले, कर न वाढवता खजिना सावरला, कचेरीतली लाचखोरी काही अंशी आवरली. बंडात मागेमागे गेलेल्या माणसाला परत येऊन नांगर धरू देणे आणि पुढाऱ्यांना मात्र दूर ठेवणे, हाच शहाणपणाचा मार्ग होता आणि तोच हळूहळू चालला. लोकांच्या दृष्टीने शांतता आली असेल तर ती या रोजच्या गोष्टींतून: बिगारीला गेलेला संध्याकाळी परतू लागला, भरलेल्या वसुलाची पावती दुसरा कोणी नाकारत नाही असे दिसले, पारपोलीच्या घाटात बैल पुन्हा निर्धास्त चालू लागले.

निर्धास्त म्हणतो, पण ते मोसमापुरते. कारण गोवाही शांत नव्हता. १८५२ च्या जानेवारीत सत्तरीत दिपाजी राणे उठला. त्याने नाणूसचा किल्ला घेतला आणि साडेतीन वर्षे पोर्तुगीजांना दाद दिली नाही. सत्तरी म्हणजे रामघाटाच्या पलीकडचे रान. तिथला बंडवाला इंग्रज हद्दीत लपायचा, जसा इथला तिथे. दोन्ही सरकारांची कागदोपत्री मैत्री होती आणि दोघांच्याही सरहद्दीवर दुसऱ्याचे बंडखोर जेवत होते. १८५५ मध्ये पोर्तुगीजांनी राण्यांशी तडजोड केली: दिपाजीला माफी आणि मान, जुने हक्क परत. चाळीस वर्षांनी, १८९५ मध्ये, राणे पुन्हा उठले तेव्हा त्या तडजोडीची किंमत कळली. तरीही चाळीस वर्षे ही सत्तरीतल्या शेतकऱ्याला काही कमी नव्हती.

सावंतवाडीच्या पुढाऱ्यांना अशी तडजोड कुणी देऊ केली नाही. म्हणून १८५७ चा गोंधळ सुरू झाला तेव्हा जुने हिशेब वर आले. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात २७ व्या पलटणीने बंड केले. ते मोडायला जेकबच आला. पुढच्या वर्षी तांबुळकरांचे मुलगे गोव्याच्या हद्दीतून बाहेर पडले आणि सुपे परगण्याच्या रानात, कारवारच्या बाजूला, इंग्रजांच्या चौक्यांवर हल्ले करू लागले. त्यांनी सावंतवाडीकडे मोर्चा का वळवला नाही? मला वाटते, तेरा वर्षांत तिथले गाव त्यांच्या हातून सुटले होते. १८४४ मध्ये जे कूळ कोयता घेऊन निघाले होते, त्याचा मुलगा आता कर्ता झाला होता. त्याला तांबुळकरांची ओसरी फक्त ऐकून माहीत. भात देणारे, वाट दाखवणारे, दुसऱ्या दिवशी गप्प बसणारे गाव नसेल तर बंड रानात एकटे पडते. पोर्तुगीजांनाही आता हे पाहुणे जड झाले होते. १८५८ संपण्याआधी सावंत त्यांना शरण गेले आणि गव्हर्नर तोरिश नोव्हश यांच्या सरकारने त्यांना तिमोरला धाडले. सह्याद्रीच्या रानात वाढलेली ती माणसे पोर्तुगीजांच्या आशियातल्या सर्वांत दूरच्या बेटावर गेली.

आणि अण्णासाहेब? बंड ज्यांच्या नावाने झाले, ज्यांच्या नावाने १८४४ च्या हिवाळ्यात भात आणि पैसा मागितला गेला, ते परत आले. इंग्रजांनी वारसा मान्य केला. त्याच्यामागे अटी होत्या आणि त्यांत पैशाच्याही होत्या. म्हणजे बंडाचा खर्च फिरून संस्थानाच्या, आणि संस्थानामार्फत खळ्यावरच्या भाताच्याच वाट्याला आला. १८६७ मध्ये बापूसाहेब वारले आणि अण्णासाहेब फोंड सावंत म्हणून गादीवर बसले. दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, तेही गेले. त्यांचे पुत्र रघुनाथ सावंत लहान होते, म्हणून कारभार परत पोलिटिकल सुपरिंटेंडेंटकडे गेला. पुढे इंग्रजांनी पारपोलीच्या घाटातून वेंगुर्ले–बेळगाव रस्ता बांधला, आंबोलीला थंड हवेचे ठिकाण केले, आणि वसूल त्याच कचेरीत जमा होत राहिला.